कथा पाठवली, पुढे काय?

प्रश्न: मी भांडुपला राहते, नोकरी फोर्टला, कथा बहुतेक लोकलमध्येच मोबाईलवर लिहून होतात. मे महिन्यात एका दिवाळी अंकाला कथा मेल केली, 'मिळाली, धन्यवाद' एवढा रिप्लाय आला आणि मग सगळं शांत. आता गणपतीही येऊन गेले. फोन करायचा तर उगाच मागे लागल्यासारखं वाटतं. दुसरीकडे पाठवू का? बहीण म्हणते एकदम चार ठिकाणी टाकून दे, कोण बघतंय.

उत्तर: बहिणीचं ऐकू नका, निदान दिवाळी अंकांच्या बाबतीत तरी. हे सगळे अंक दादरच्या स्टॉलवर एकाच सुमारास शेजारी शेजारी लागतात, घेणारे वाचकही बरेचसे तेच, आणि एकच कथा दोन अंकांत दिसली की दोन्हीकडून तुमच्या नावावर कायमची फुली. पण म्हणून गप्प बसून राहायचं असंही नाही हं.

होतं काय, की जून-जुलैत साहित्य येतं, मग जाहिरातींची वाट बघणं सुरू होतं, त्या कमी आल्या की अंकाचा सोळा पानांचा एखादा फॉर्म कमी करावा लागतो आणि मग पहिली कात्री लागते ती नवीन लेखकाच्या लांब कथेला. म्हणजे कथा आवडूनसुद्धा बाहेर राहते, आणि हे कळवायला कोणाला वेळ नसतो, कारण बरेच अंक एक-दोन माणसं आपापली नोकरी सांभाळून काढतात. 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक 1909 चा, म्हणजे शंभर वर्षं उलटून गेली तरी नकार कळवायची पद्धत काही आपल्याला नीट बसवता आली नाही! पूर्वी निदान तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडलं तर 'साभार परत' तरी यायचं. गिरगावातून निघणारी 'सत्यकथा' (हेही मासिकच) तर लेखकाला पत्रं लिहून कथा परत परत लिहायला लावायची, पण ती बंद पडली 1982 ला, त्या अपेक्षेने आज मेल चेक करत बसलात तर त्रास तुम्हालाच.

तर सरळ दोन ओळींचा मेल टाका. 'मे महिन्यात पाठवलेली कथा यंदा घेताय का ते कळवावं, आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर मी ती मागे घेतेय असं समजावं.' हे मागे लागणं नाही, व्यवहार आहे. आठ दिवस झाले की कथा मोकळी, मग बिनधास्त दुसरीकडे पाठवा, यंदाचे दिवाळी अंक बहुतेक भरलेत पण मासिकं वर्षभर निघतात.

आणि एक, मोबाईलवर लिहिताय म्हणजे युनिकोड (कुठल्याही मोबाईल-कॉम्प्युटरवर तशीच दिसणारी मराठी) असणार, ते चांगलंच, पण व्हॉट्सॲपवर तुकडे तुकडे पाठवू नका, वर्डची फाईल द्या. नाव, फोन नंबर फाईलच्या आत पहिल्या पानावर लिहा, कारण मेल राहतो संपादकाकडे आणि फाईल एकटीच डीटीपीवाल्याकडे, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावणाऱ्याकडे, जाते. तिथे फॉन्ट बदलताना जोडाक्षरं फुटतात, 'बिचाऱ्या'चं 'बिचार्या' होतं, त्यामुळे कथा घेतली तर प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायची प्रत, बघायला मागाच.

प्रश्न: गेल्या वर्षी माझी कथा छापून आली. मानधन नाही, अंकसुद्धा मी विकत घेतला. आता ती कथा माझ्या संग्रहात घ्यायला त्यांची परवानगी लागेल का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर: तुम्ही हक्क लिहून दिले नसतील तर नाही लागत. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखकाच्या सहीनिशी लेखी द्यावे लागतात, आणि दिले तरी मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात. संग्रहात 'पूर्वप्रसिद्धी' म्हणून अंकाचं नाव टाका, तेवढी रीत पाळायची. मानधनाचं मात्र छापून आल्यावर विचारून फार काही हाती लागत नाही, कथा पाठवतानाच मेलमध्ये मानधन आणि लेखकाची प्रत, दोन्हीचं विचारून ठेवा. आणि पत्ता मजला, खोली नंबर, पिनकोडसकट द्या, नुसतं गिरगाव लिहिलं तर कुरिअरवाला चाळी शोधत फिरतो.