कंपनी एकच, स्पीडही दहाच, तरी गिअर जुळेना

"सायकलची फ्रेम जुनी स्टीलची आहे. बाकी सगळं एकाच कंपनीचं आणि दहा स्पीडचं घेतलं की जुळणीचा प्रश्न मिटला ना?" असं विचारलंय तुम्ही. नाही मिटला. नेमकं हेच वाक्य आमच्याकडे दर सणाला पंगतीत ऐकावं लागतं, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आमचे मेव्हणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. इंजिनिअर आहेत आणि ते कुणाला विसरू देत नाहीत. पन्नाशीत त्यांनी २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब सायकल सफरीला, उतरायचं ठरवलं. साडेतेरा तासांची मुदत आणि वाटेत खंबाटकी घाट. त्यांच्या दहा स्पीडच्या रोडबाईकला मागे ११-२५ ची कॅसेट होती, म्हणजे दहा दातेचक्रांचा (कॉगचा) संच, सर्वांत छोटं ११ दात्यांचं आणि मोठं २५ चं. चढाला हलका गिअर हवा म्हणून त्यांनी ११-३४ आणली, इथवर सगळं बरोबर. एवढ्या मोठ्या कॅसेटला लांब केजचा डिरेलर लागतो (साखळी एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणारा भाग; केज म्हणजे साखळी ताणून धरणारी त्याची खालची पट्टी), तोही आणला. फक्त आणला तो एमटीबीचा, म्हणजे डोंगरी सायकलचा. शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) शिमानोचा, डिरेलर शिमानोचा, दोन्हीवर दहाचा आकडा. मी खोकं बघूनच म्हटलं, हा परत करा. "दाजी, कंपनीला काय अक्कल नाही का?" असं म्हणून त्यांनी तो बसवायलाच घेतला.

अक्कल आहे, म्हणूनच तिने दोन्हींची रचना वेगळी ठेवलीय. दहा स्पीडचा जुना रोड शिफ्टर एका क्लिकला साधारण २.३ मिमी केबल ओढतो. रोडचा डिरेलर त्याच्या १.७ पट सरकतो, म्हणजे ३.९ मिमी. दहा स्पीडच्या कॅसेटवर दोन कॉगमधलं अंतर जवळपास तेवढंच असतं. एमटीबीचा दहा स्पीड डिरेलर मात्र केबलच्या १.२ पटच सरकतो, कारण त्याचा स्वतःचा शिफ्टर जास्त केबल ओढतो. रोड शिफ्टरला तो जोडला की क्लिकमागे जेमतेम पावणेतीन मिमी. नऊ क्लिकांचा हिशोब करा: लागतात पस्तीस मिमी, मिळतात पंचवीस. साखळी सातव्या कॉगपाशी थांबते. ज्या ३४ दात्यांसाठी हा सगळा खटाटोप, तिथवर ती पोचतच नाही!

हे मी कागदावर मांडून दाखवलं. मेव्हण्यांनी कागद बाजूला सारला आणि संध्याकाळभर केबल ताणायचा बॅरल अॅडजस्टर पिळत बसले. मग डिरेलरची धाव आवरणारे लिमिट स्क्रू. मग म्हणे हँगर, म्हणजे डिरेलर टांगायचा कान, वाकलाय. हँगर सरळ होता. मग केबल स्वस्तातली म्हणून नवी केबल. वहिनींनी जेवायला दोनदा हाक मारली, शेवटी ताट झाकून ठेवलं.

मी सुचवलं ते त्यांना आणखीच पटेना: जुना नऊ स्पीडचा एमटीबी डिरेलर, सेकंडहँड घ्या. "दहाला नऊचा? हसतील लोक." अहो, डिरेलरला मोजता येत नाही. केबल ओढेल तेवढा तो सरकतो, मोजणी होते ती शिफ्टरमध्ये. शिमानोचे नऊ स्पीडचे एमटीबी डिरेलर त्याच १.७ पटीचे आहेत. पुढच्या दोन चक्रांना ५०-३४ दाते आणि मागे ११-३४ असेल तर १६ अधिक २३, म्हणजे ३९ दात्यांची ढील साखळीतून ओढून घ्यावी लागते. लांब केजचा डिरेलर ती आरामात घेतो. एका ओळखीच्या मिस्त्रींकडे तसला एक पडून होता. बसवला, केबल ताणली, सगळे दहाच्या दहा कॉग लागले.

बीआरएम वेळेत झाली. पण आजही कुणी विचारलं की मेव्हणे सांगतात, "मिस्त्रींनी ट्यूनिंग चोख केलं." ट्यूनिंग!

आता तुमच्या फ्रेमकडे वळू. मागच्या ड्रॉपआउटमध्ये, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या दोन खाचांमध्ये, आतून आतून मोजा. १२६ मिमी भरलं तर १३० चा रोड हब (चाकाचा मधला तुंबा) बसतो. स्टील आहे, त्यामुळे जाणकाराकडून दोन्ही बाजू सारख्या फाकवून घेता येतात. अॅल्युमिनियमला हा प्रयोग कधीच करू नका. चाक विकत घेताना फ्रीहब (हबवर कॅसेट बसते तो भाग) अकरा स्पीडचा निघाला तर दहाच्या कॅसेटमागे १.८५ मिमीचा स्पेसर लागेल.

टायरवर लिहिलेल्या इंचांवर भरवसा ठेवू नका, बाजूला छापलेला तीन आकडी व्यास वाचा. आपल्याकडच्या दूधवाल्या सायकलीचं २८ बाय दीड म्हणजे ६३५ आणि रोडबाईकचं ७००-२८ म्हणजे ६२२. दोन्हींत २८ आहे म्हणून दुकानदार बिनधास्त हातात ठेवतो. २६ चीही तीच गत, ५५९ वेगळं आणि ५९० वेगळं. रोडच्या ब्रेक लिव्हरला एमटीबीचा लांब हातांचा व्ही-ब्रेक लावायचा मोह झाला तर आवरा. लिव्हर पुरेशी केबल ओढत नाही, उतारावर कळतं.

रंगांच्या मॅचिंगबद्दलही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: जुन्या बारीक नळीच्या स्टील फ्रेमवर चंदेरी पार्ट. काळा जाडजूड क्रँक (पेडलचा दांडा) तिथे उपरा दिसतो. हँडलची टेप आणि सीट एका रंगाची घ्या, बाकी रंगांच्या मागे लागू नका. त्या पैशात चांगले टायर येतात.

एक राहिलंच. वरचं गणित शिमानोच्या केबलवाल्या, दहा स्पीडपर्यंतच्या जुन्या रोड शिफ्टरचं आहे. शिमानोचाच टियाग्रा ४७०० शिफ्टर दहाच स्पीडचा असून त्याची ओढ वेगळी आहे, त्याला हा नऊचा डिरेलर चालणार नाही. अकरा स्पीड आणि स्रॅम ही दुसरी कंपनी यांचे हिशोबही निराळे. आणि हो, एवढी डोकेफोड नको असेल तर एकाच मालिकेचा पूर्ण ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा जुळता संच) घेणं चूक नाही, फक्त महाग पडतं. पण मालिका एक असणं आणि कंपनी एक असणं यात फरक आहे, हे मेव्हण्यांनीही वाचावं.

क्रँकचं मी मुद्दाम सांगितलं नाही. आधी बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक फिरतो त्या बेअरिंगच्या) नळीची रुंदी मोजा. ६८ मिमी असेल तर बहुधा बीएसए पद्धतीचं, म्हणजे उजवीकडचा कप (बेअरिंगची वाटी) उलट्या आट्यांचा. ७० असेल तर इटालियन, दोन्हीकडे सुलटे आटे. जुना कप चुकीच्या दिशेने पिळून आटे घालवू नका. माप कमेंटमध्ये टाका, मग पुढचं सांगतो.