वाचकांचे प्रश्न : मिनामाताच्या मासळीतला पारा

प्रश्न : थर्मामीटर फुटून पारा सांडला, तर आपण तो गोळा करून टाकतो आणि विसरतो. मग जपानमधल्या मिनामाता येथे कारखान्याच्या पाऱ्याने मच्छीमारांची घरेच्या घरे आजारी कशी पडली? एवढ्या मोठ्या समुद्रात तो विरून कसा गेला नाही? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : थर्मामीटरमधला द्रवरूप पारा पोटात गेला तरी आतड्यांत फारसा शोषला जात नाही, त्याची वाफ मात्र घातक असते, म्हणून सांडलेला पारा केरसुणीने झाडू नये. मिनामाताचे विष निराळे होते. क्यूशू बेटावरच्या या गावात चिस्सो कंपनीचा कारखाना १९३२ पासून १९६८ पर्यंत ॲसिटाल्डिहाइड हे रसायन बनवत होता. त्या प्रक्रियेत उत्प्रेरक म्हणून वापरलेल्या पाऱ्याच्या क्षारापासून मिथाइल मर्क्युरी हे सेंद्रिय संयुग तयार होई आणि सांडपाण्याबरोबर खाडीत जाई. खाडीच्या पाण्यात त्याचे प्रमाण अगदी थोडे असले, तरी ते प्लवकांत (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत), प्लवकांतून शिंपल्यांत व लहान माशांत आणि त्यांच्यातून मोठ्या माशांत साठत जाते. प्रत्येक पायरीवर त्याची तीव्रता वाढते, त्यामुळे समुद्र मोठा असल्याचा दिलासा इथे उपयोगी पडत नाही.

माणसाच्या शरीरातून या संयुगाचा निम्मा भाग बाहेर पडायला साधारण दोन-सव्वादोन महिने लागतात. आठवड्यातून एखादे वेळी मासे खाणाऱ्याला तेवढी उसंत मिळते. पण खाडीत उतरून जे मिळेल ते सकाळ-संध्याकाळ शिजवणाऱ्या घराला ती मिळत नाही. म्हणूनच हा रोग कारखान्याच्या अंतरावर नव्हे, तर कोण किती मासळी खातो यावर ठरला. आधी मांजरे वेड्यासारखी गरगर फिरू लागली, समुद्रात पडून मरू लागली. मग माणसांच्या हातापायांना व ओठांभोवती बधिरता आली, सदऱ्याची बटणे लावता येईनात, चालताना तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले आणि नजरेच्या कडा काळवंडून फक्त समोरचे तेवढे दिसू लागले. मेंदूच्या ज्या पेशी मेल्या, त्या पुन्हा तयार होत नाहीत. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांच्याकडून या अनोळखी विकाराची वर्दी आरोग्य कार्यालयाला मिळाली. सुरुवातीला तो संसर्गजन्य समजला गेला, घरे जंतुनाशकाने धुतली गेली आणि शेजाऱ्यांनी त्या कुटुंबांना वाळीत टाकल्यासारखे वागवले.

प्रश्न : मासळीवर संशय आल्यावरही ती खाणे लगेच का थांबवले गेले नाही?

उत्तर : १९५७ मध्ये, मिनामाता ज्या प्रांतात येते त्या कुमामोतो प्रांताने अन्नस्वच्छता कायद्याखाली बंदी घालता येईल का, अशी विचारणा केंद्रीय मंत्रालयाकडे केली. खाडीतला प्रत्येक मासा विषारी असल्याचा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून हा कायदा लावता येणार नाही, असे उत्तर आले. असा पुरावा कोणालाच कधी देता आला नसता, हे उत्तर लिहिणाऱ्यांनाही कळत असावे. १९५८ मध्ये कारखान्याने सांडपाणी खाडीऐवजी मिनामाता नदीच्या मुखाशी सोडले आणि पुढच्या वर्षी त्या बाजूच्या वस्त्यांत नवे रुग्ण दिसू लागले. जुलै १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. त्याच वर्षी होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात कालवून एका मांजराला दिले. प्रयोगाच्या नोंदीत या मांजराचा क्रमांक ४०० होता. ऑक्टोबरमध्ये त्याला तीच लक्षणे आली, पण कंपनीने ही गोष्ट बाहेर येऊ दिली नाही. डिसेंबरअखेर रुग्णांशी ‘सहानुभूती रक्कम’ म्हणून करार झाला. पुढे कारखान्याचा दोष सिद्ध झाला तरी आणखी भरपाई मागणार नाही, असे कलम त्यात होते. मासळी विकत कोणी घेत नाही आणि घरात मिळवता माणूस अंथरुणाला खिळलेला, अशा वेळी केलेल्या सह्यांना संमती म्हणणे मला अवघड जाते. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केले ते सप्टेंबर १९६८ मध्ये. मध्यंतरी, १९६५ साली, जपानमधल्याच निगाता प्रांतात आगानो नदीकाठी दुसऱ्या एका कारखान्यामुळे हाच रोग पुन्हा उघडकीस आला होता.

प्रश्न : माझी सून गरोदर आहे. आमच्याकडे रोज मासळी असते. तिने ती बंद करावी का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बंद करू नये, निवडून खावी. आधी तुमच्या काळजीचे मूळ सांगतो. वार (आईच्या पोटात बाळाला पोसणारा अवयव, प्लॅसेंटा) विषाला अडवते, अशी त्या काळी डॉक्टरांची समजूत होती. मिनामातात मात्र धडधाकट दिसणाऱ्या आयांच्या पोटी मान न धरणारी, बोलू न शकणारी मुले जन्मली. डॉ. मासाझुमी हारादा यांच्यासारख्यांनी या मुलांचा अभ्यास केला आणि १९६२ मध्ये त्यांचा आजार पोटात असतानाच जडल्याचे मान्य झाले. मिथाइल मर्क्युरी वार ओलांडून जाते आणि बाळाच्या रक्तात आईच्या रक्तापेक्षाही जास्त साठते. जपानी घरांत बाळाच्या नाळेचा वाळलेला तुकडा जपून ठेवायची रीत आहे. पुढे त्याच तुकड्यांतला पारा मोजून कोणत्या वर्षी विषाचा जोर किती होता, हे ताडता आले.

रत्नागिरीची बाजारातली मासळी म्हणजे मिनामाताची मासळी नव्हे. तरीही मोठ्या व दीर्घायुषी शिकारी माशांत पारा जास्त साठतो, म्हणून गरोदरपणात व बाळ अंगावर पीत असताना मुशी व तलवार मासा टाळावा आणि मोठी सुरमई किंवा कुपा रोजच्या रोज खाऊ नये. तारली, मांदेली, बांगडा, जवळा यांत पारा कमी असतो. बाळाच्या मेंदूला लागणारी ओमेगा-३ स्निग्धाम्ले तारली-बांगड्यातून चांगली मिळतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा हे मासे खाण्यास हरकत नाही. साल काढून, तळून किंवा चिंच-कोकम घालून पारा जात नाही, कारण तो चरबीत नव्हे, मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. तुमच्या घरचे मासे एखाद्या रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्याजवळच्या खाडीतून नेहमी येत असतील, तर मात्र ती जागा बदला आणि सुनेच्या डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. रक्तातला किंवा केसांतला पारा तपासता येतो.