डिकीत टाकी, दारात आंब्याच्या पेट्या

प्रश्न : दापोलीहून ठाण्याला जायला अ‍ॅपवरून सेडान बुक केली. आम्ही चौघं, तीन बॅगा आणि हापूसच्या दोन पेट्या. डिकी उघडली तर अर्धी सीएनजीच्या टाकीने भरलेली. "सातशे जास्त द्या, कसंतरी बसवतो," ड्रायव्हर म्हणाला. नाही म्हटल्यावर गेला निघून आणि अ‍ॅपवर 'प्रवासी आले नाहीत' अशी नोंद! आगाऊ भरलेले १,२०० रुपये कापले गेले. असं चालतं का?

उत्तर : ताई, आधी तुमच्या विरुद्ध जाणारं सांगतो. किती बॅगा न्यायच्या, हा आकडा बुकिंगच्या मेलमध्ये गाडीच्या प्रकाराखाली बघा. तिथे 'दोन बॅगा' असं असेल आणि पैसे भरण्याआधी ते दिसत होतं, तर पेट्या राहोत, तिसऱ्या बॅगेसाठीही भांडता येणार नाही. पाच डझनी लाकडी पेटीला 'हातातलं सामान' म्हणणं आपल्याकडे चालतं, ग्राहक आयोगापुढे नाही.

तीन बॅगा लिहिल्या असतील तर मात्र टाकीची अडचण कंपनीची. कबूल केलेली जागा न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सेवेतली त्रुटीच. सातशे दिले नाहीत ते बरं केलंत. अटींत सामानाचे वेगळे पैसे लिहिलेले नसतील, तर दारात उभं राहून भाडं वाढवायचा ड्रायव्हरला हक्क नाही.

पण तुमची खरी बाजू सामानाची नाहीच. तुम्ही दारात उभ्या होतात आणि नोंद झाली 'आले नाहीत'. ती खोटी ठरवा. ड्रायव्हरच्या कॉलची वेळ, ट्रिपच्या नोंदीचा स्क्रीनशॉट आजच जपून ठेवा. उघड्या डिकीचा फोटो असेल आणि त्यात नंबरप्लेट आली असेल, तर सोन्याहून पिवळं.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं. गाऱ्हाणं घालताना देवाकडे जसं नेमकं मागतो, तसंच इथे : १,२०० रुपये परत आणि चुकीची नोंद दुरुस्त. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करा. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहेच. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तक्रार रत्नागिरीत करता येते, मुदत दोन वर्षं, आणि एवढ्या रकमेला फी नाही.

आंबे पिकून गेले त्याची भरपाई मात्र मागू नका. पेट्यांचा विषय तुम्हीच काढलात, तर समोरचा वकील तिथेच ठाण मांडून बसेल.