नवी ब्रेक डिस्क काही महिन्यांत पुन्हा 'वाकडी' कशी होते? या वेळी भोकंवाली टाकू का?

तुमच्या प्रश्नातल्या एका ओळीतच अर्धं उत्तर आहे. तुम्ही लिहिलंय, नव्या डिस्क टाकल्यावर चार-पाच हजार किलोमीटर गाडी मस्त होती आणि मग ८०-९० च्या वेगात ब्रेक मारला की स्टिअरिंग पुन्हा थरथरायला लागलं. डिस्क तापून वाकत असती तर एखाद्या जोरदार ब्रेकिंगनंतर लगेच कळलं असतं. हळूहळू वाढत गेलेली थरथर वेगळंच काही सांगते. तेव्हा तिसरा जोड घेण्याआधी थोडं थांबा.

वागळे इस्टेटमध्ये आमचं मशीनिंगचं काम आहे, डिस्क लेथवर येतच असतात. 'वाकली' म्हणून आलेली डिस्क सरफेस प्लेटवर (अगदी सपाट तपासणीच्या पाटावर) ठेवली की बहुतेक वेळा सपाट निघते. बिघडलेली असते ती जाडी. कडेपासून बोटभर आत, गोल फिरत सात-आठ ठिकाणी मायक्रोमीटर (बारीक जाडी मोजायचं साधन) लावा. एका जागी आणि दुसऱ्या जागी ०.०२ मिलिमीटरचा फरक आला तरी पेडलला कळतो. वहीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर असतो, म्हणजे त्याच्या पाचव्या हिश्श्याने तुमचं स्टिअरिंग हलतंय.

हा फरक येतो कुठून? बहुतेकदा हबवरून, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या मधल्या भागावरून. डिस्क हबच्या तोंडावर बसते, आणि खाडीकाठच्या हवेत ते तोंड गंजतं. जुनी डिस्क काढली, नवी चढवली, मधे हबला वायर ब्रश कोणी मारलाच नाही, की गंजाची एखादी पापडी खाली दबून राहते. हबच्या कडेला ती ०.०५ मिलिमीटर असेल, तर डिस्कच्या बाहेरच्या कडेला डोलणं जवळपास दुप्पट होतं. पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही, कारण पॅड धरून डिस्कवर दाबणारा कॅलिपर त्या डोलण्याबरोबर थोडा सरकून घेतो. पण ब्रेकला पाय नसतानाही दर फेऱ्याला डिस्कची तीच जागा पॅडला घासत राहते. हजारो किलोमीटरमध्ये ती जागा झिजते, किंवा तिथे पॅडचा थर चढतो. मग थरथर सुरू! तुमचं गणित इथे अगदी जुळतं.

म्हणून डिस्क बसवल्यावर नट नीट आवळून डायल गेज लावून डिस्कचं डोलणं मोजून घ्या. कडेजवळ ०.०५ मिलिमीटरच्या आत असेल तर उत्तम. नेमकी मर्यादा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. जास्त आलं तर डिस्क काढून बोल्टची एक-दोन भोकं पुढे फिरवून बसवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. आणि चाकाचे नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने), समोरासमोरच्या क्रमाने. पंक्चरवाल्याची हवेची गन एक नट जीव तोडून आवळते आणि शेजारचा सैल ठेवते, त्यानेही डिस्क तिरकी बसते.

दुसरं कारण तुमच्या पायात असू शकतं. लोणावळ्याहून रविवारी संध्याकाळी घाट उतरता, ब्रेक तापलेले असतात, आणि खालापूर टोलच्या रांगेत पाय पेडलवर दाबून उभे राहता. तापलेल्या पॅडचा शिक्का डिस्कवर उमटतो. चाक काढलंत तर पॅडच्या आकाराचा काळसर डाग दिसेलही. हा थर वेळीच नाही गेला तर तो भाग जास्त तापतो, आणि साधारण ६५०-७०० अंश सेल्सिअसवर तिथल्या बिडात सिमेंटाइट (लोखंड-कार्बनचं संयुग) तयार होतं. ते आजूबाजूच्या बिडापेक्षा फार कडक, कमी झिजतं, उंचवटा होऊन बसतं, आणखी तापतं. लेथवर वरचा थर काढला तरी मूळ आत राहतं. अशी डिस्क मी कट मारून परत देत नाही, पैसे वाया जातात. घाटात गिअर खाली ठेवा, आणि रांगेत सपाटीवर असाल तर गाडी फूटभर पुढे सरकवत राहा.

आता भोकांबद्दल. माझं मत विचाराल तर नको. एके काळचे पॅड तापले की वायू सोडायचे, तो बाहेर पडायला भोकं कामाची होती. आजच्या पॅडला त्याची फारशी गरज नाही. पावसात पहिला दाब जरा चांगला मिळतो, हे खरं. पण भोकाच्या कडेपासून तडे जातात, आणि स्वस्तातल्या डिस्कमध्ये भोक साध्या डिस्कवरच मागाहून पाडलेलं असतं. खाचांची डिस्क त्यापेक्षा बरी, फक्त घरघर करते आणि पॅड थोडे लवकर खाते.

खरा फरक पडतो तो आतल्या पात्यांनी. हवेशीर डिस्क, म्हणजे दोन तबकड्यांच्या मधे पाती असलेली, मधल्या बाजूने हवा ओढते आणि कडेने फेकते. पाती वळणदार असतील तर डावी-उजवी वेगळी असते. डिस्क पुढे फिरत असताना पाती आतून बाहेर येताना मागे झुकलेली हवीत. वरच्या खाचांची दिशा बघून डिस्क लावणारे बरेच भेटतात. खाचांचा आणि हवेचा संबंध नाही, आत डोकावून पाती बघा. ट्रॅकवर जाणार असाल तर ॲल्युमिनियमच्या मध्याची दोन भागांची तरंगती डिस्क घ्या. एकसंध डिस्कमध्ये मधली टोपी एकाच तबकडीला जोडलेली असते, त्यामुळे खूप तापली की डिस्क किंचित शंकूसारखी होते. तरंगतीला बाहेर पसरायला जागा मिळते. नेरूळ ते बीकेसी रोजच्या धावपळीसाठी हा खर्च मी करणार नाही.

सध्याच्या डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. कट मारून त्याच्या वर राहत असेल आणि निळे-काळे कडक ठिपके नसतील, तर हलका कट, नवे पॅड, साफ हब, एवढ्यात काम होईल. शक्य असेल तर गाडीवरच बसवून कट मारणारं मशीन शोधा, हबची चूकही त्यात निघते. कार्बन-सिरॅमिक असेल तर लेथवाल्याच्या हातात देऊच नका. नंतर पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ६०-७० वरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा जोराने ब्रेक मारा आणि मग दहा मिनिटं ब्रेक न वापरता गाडी गार होऊ द्या. पॅडच्या खोक्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा.

मायक्रोमीटर आणि डायल गेज दोन्ही ठीक आले तरी स्टिअरिंग हलत असेल, तर लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश बघा. आणि थरथर स्टिअरिंगऐवजी सीटखाली जाणवत असेल, तर आधी मागचं चाक उघडा.