यू-टूच्या 'वन'चे तीन व्हिडिओ: माझा कौल बायसनला

यू-टू या आयरिश रॉक बँडच्या 'वन' या एकाच गाण्याचे तीन दिग्दर्शकांनी केलेले तीन व्हिडिओ, तेही सगळे १९९२चे. त्यातला 'खरा' कोणता, असं तुम्ही विचारलंय. माझ्यापुरता मार्क पेलिंग्टनचा.

आधी गाण्याबद्दल. लोक ते हौसेनं लग्नात वाजवतात, पण ते सुरूच होतं ऐन भांडणात. आपण एक आहोत, पण एकसारखे नाही, आणि तरी एकमेकांना सांभाळायचंय, हे त्यातलं दुखणं. दुसरा दिग्दर्शक अँटन कोर्बाइन, त्यानं ते बरोबर ओळखलं होतं. बर्लिन, रंगवलेल्या ट्रॅबंट (पूर्व जर्मनीतल्या छोट्या) गाड्या, बायकांच्या वेशातला अख्खा बँड, आणि या सगळ्यात गायक बोनोचे सख्खे वडील, बॉब ह्यूसन! ते दिसले की गाणं प्रियकर-प्रेयसीपुरतं राहतच नाही. पण सिंगलचं, म्हणजे या गाण्याच्या स्वतंत्र रेकॉर्डचं, उत्पन्न एड्सच्या कामासाठी जाणार होतं. एड्सचं खापर समलिंगी लोकांवर फोडलं जायचा तो काळ. बायकी वेशाचा भलताच अर्थ लावला जाईल म्हणून बँडनं तो व्हिडिओ बाजूला ठेवला. भीती रास्त होती, तरी मला त्याची हळहळ वाटते.

फिल जोआनूच्या व्हिडिओत बोनो बारमध्ये टेबलाशी बसून गातो, मधूनमधून मैफलीची दृश्यं. देखणा आहे. पण दुःख कुणाचं हे त्यानं ठरवून टाकलंय, आपल्याला शिरायला जागाच ठेवलेली नाही.

पेलिंग्टनच्या व्हिडिओत बँडमधलं कुणीच नाही. फुलं, वेगवेगळ्या भाषांत 'एक' हा शब्द, आणि संथ गतीत धावणारे बायसन, म्हणजे अमेरिकेतले रानगवे. पहिल्यांदा पाहताना वाटतं, याचा गाण्याशी काय संबंध? शब्दांचं चित्र कुठेच काढलेलं नाही, म्हणून शब्द जास्त ऐकू येतात. त्या जनावरांच्या मानेवरची आयाळ कशी हलते तेवढं बघा. ताल तिथे सापडतो. मग धावणं थांबतं आणि एक स्थिर छायाचित्र येतं: कड्यावरून कोसळणारे बायसन. सिंगलच्या कव्हरवरही तेच आहे.

ते छायाचित्र डेव्हिड वोयनारोविच या अमेरिकन कलावंतानं काढलेलं, वॉशिंग्टनच्या एका संग्रहालयातल्या शिकारीच्या देखाव्याचं. कळपाला कड्याकडे हाकलत न्यायची ती जुनी पद्धत. वोयनारोविचला स्वतःला एड्स होता. १९९२च्याच जुलैमध्ये तो गेला, वयाच्या ३७व्या वर्षी. हे माहीत असताना तो व्हिडिओ पुन्हा लावा.