‘आम्हाला काही नको’ म्हणणाऱ्यांना काय द्यावं?

प्रश्न : ताई, माझे आई-बाबा सदाशिव पेठेत राहतात. बाबा ७८ वर्षांचे, आई ७४. मार्गशीर्षात त्यांच्या लग्नाला ५० वर्षं होतील. आम्ही तिघा भावंडांनी मिळून ५०,००० रुपये काढून ठेवलेत, पण द्यायचं काय हे ठरत नाही. आजवर दिलेलं काहीच वापरात नाही. पायाचं मसाज मशीन पलंगाखाली आहे, टॅब कव्हरसकट कपाटात, आणि मनगटावरचं स्मार्ट घड्याळ ‘टोचतं’ म्हणून बाबांनी काढून ठेवलंय. विचारलं की ठरलेलं उत्तर, “आम्हाला काही नको, कशाला खर्च करता?” दोघांना कशाची आवडच राहिली नाही असं वाटतं. बाबा दर वर्षी सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला जायचे. गेली चार वर्षं नाव काढत नाहीत. आईला साड्यांचं केवढं वेड! आता लग्नकार्यालाही ‘तुम्ही जाऊन या’ म्हणते आणि दिवसभर गाऊनवर असते. पूजासुद्धा हल्ली बाबाच करतात.
— एक मुलगी, बाणेर

उत्तर : ताई म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते. काय द्यायचं ते तुझ्या पत्रात तूच लिहिलं आहेस, फक्त त्यावर ‘आवड राहिली नाही’ अशी चिठ्ठी चिकटवून मोकळी झालीस. सवाई बंद, साडी बंद, पूजा बंद. यातलं एक तरी ‘का बंद?’ असं विचारलंस का? म्हातारपणी आवड सहसा आधी जात नाही. आधी गुडघा जातो, खांदा जातो, बोटं जातात. आणि हे मुलांना सांगायची लाज वाटते, म्हणून ‘आता नको वाटतं’ असं म्हणायचं. माझं वय ६४, मी पण म्हणायला लागले आहे.

साडीपासून सुरुवात करते, कारण तो माझा प्रांत. शनिवार पेठेत मी २८ वर्षं शिवणक्लास चालवला. बायकांची मापं घेताना टेपला जे कळतं ते घरच्यांना कळत नाही. पंच्याहत्तरीच्या आसपासची एक बाई माझ्याकडे गाऊन शिवायला आली होती. मापासाठी हात वर करा म्हटलं, तर डावा हात खांद्याच्या वर जाईना. ब्लाऊजची बाही चढवताना रोज डोळ्यांत पाणी यायचं. बोटं संधिवातानं आखडलेली, त्यामुळे ते बारके हूक लागत नव्हते. आणि खरी गोष्ट तिनं अगदी शेवटी, दार लोटून सांगितली : परकराच्या नाडीची गाठ वेळेत सुटत नाही. बाथरूमपर्यंत पोचते, पण गाठ सुटेपर्यंत उशीर होतो. एकदा भाचीच्या मुंजीत तसं झालं, त्यानंतर साडी कपाटात गेली ती गेलीच. घरचे मात्र म्हणत होते, आईला आताशा नटायचा कंटाळा येतो.

तुझ्या आईचं कारण हेच असेल असं नाही. पण तू मुलगी आहेस, तू विचारू शकतेस. मुलाला ती जन्मात सांगणार नाही. असलंच तर उपाय सोपा आहे. तिच्या आवडत्या चार साड्यांवरचे ब्लाऊज घेऊन चांगल्या शिंपिणीकडे जा. हुकांच्या जागी मोठी टिचबटणं लावून घे, मुंढा (काखेजवळचा घेर) अर्धा इंच सैल करून घे, बाही जरा रुंद. परकराला नाडीऐवजी दीड इंची पट्टीचं इलॅस्टिक आणि बाजूला एकच मोठा हूक. अर्ध्या इंचाचं इलॅस्टिक घालू नकोस, साडीच्या भारानं ते खाली येतं. सगळं मिळून एका साध्या साडीच्या किमतीत होईल. हल्ली अख्खी साडीच निऱ्यांसकट शिवून देतात, तेही सोयीचं आहे; पण आईला विचारल्याशिवाय तिच्या जुन्या सिल्कला कात्री लावलीस तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस.

आता माझी फजिती सांगते. आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मी ३२,००० रुपयांची, मागे रेलणारी, पाय वर होणारी खुर्ची आणली. दुकानदारानं बसवून दाखवली तेव्हा मी बसले होते, आई नव्हती. माझी उंची पाच फूट चार इंच. आई पाच फुटालाही दोन बोटं कमी. घरी ती बसली, तर पाठ टेकली की पाय अधांतरी आणि पाय टेकले की पाठ अधांतरी. वर खुर्ची इतकी मऊ की एकदा आत गेली की कुणीतरी हात देऊन ओढून काढायचं. पंधरा दिवसांत त्या खुर्चीवर वाळलेले कपडे पडायला लागले. दुकानदार परत घेईना, आणि आई मला वाईट वाटू नये म्हणून पाहुण्यांना सांगायची, “हिनं घेतलीय, फार आरामाची आहे.” शेवटी ओळखीच्या सुतारानं तिच्या जुन्या लाकडी हाताच्या खुर्चीवर जाड, घट्ट गादी बसवून दिली आणि पलंगाच्या चारी पायांखाली तीन इंची ठोकळे खाचा पाडून बसवले. त्यानंतर ती पलंगावरून स्वतःची स्वतः उठायला लागली. खर्च किती आला ते सांगत नाही, त्या ३२,००० ची आठवण होते. खुर्ची घ्यायचीच असेल तर ज्याची त्याला बसवून घ्या : तळवे जमिनीला टेकले पाहिजेत, गुडघे साधारण काटकोनात यायला हवेत, आणि उठताना जोर द्यायला दोन्ही बाजूंना हात हवेत.

त्याच सुतारानं आमचं देवघरही वर चढवलं. तुझ्याकडे पूजा बाबा का करतात याचं उत्तर बहुधा गुडघ्यात आहे. पाटावर बसता येतं, पण उठता येत नाही; आणि देवापुढे खुर्चीवर बसायचं म्हणजे देव खाली, आपण वर, ते आईला पटत नाही. म्हणून देवच वर घ्यायचे. खुर्चीवर बसल्यावर निरांजन छातीच्या पातळीला येईल इतपत उंच चौरंग किंवा भिंतीतली फळी करून घे. दिशा बदलू नकोस, तिला विचार, आणि तिच्या देखत कर. वर उजेड नीट हवा. साठीतल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा उजेड पोचतो, शिवाय डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं. मला साठीनंतर निळा आणि काळा दोरा ओळखू येईना, तेव्हा क्लास बंद करायची वेळ आली हे कळलं. तुझ्या आईनं पोथी वाचायची सोडली असेल, तर भक्ती कमी झाली म्हणण्याआधी बल्ब बघ. वाचायच्या जागी खांद्यामागून पानावर पडणारा चांगला दिवा लाव.

बाबांचं सवाई. १९५३ साली पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव. तुझ्या बाबांच्या पिढीनं रमणबागेत भारतीय बैठकीवर शाल गुंडाळून रात्री काढल्या. आता तो मुकुंदनगरला असतो. मांडी घालून चार तास बसणं जमत नाही आणि खुर्चीचं तिकीट स्वतःसाठी काढायचं म्हणजे त्यांना उधळपट्टी वाटत असणार. पण मला वेगळीच शंका आहे. या वयात पुरुषांना प्रोस्टेटमुळे वरचेवर लघवीला जावं लागतं, आणि गर्दीत ओळीच्या मधोमध बसलेला माणूस दर तासाला दहा जणांचे गुडघे ओलांडू शकत नाही. म्हणून ते नाटक सोडतात, सवाई सोडतात, गावाला जाणंही सोडतात. ७५ च्या पुढे एसटीचा प्रवास राज्यभर फुकट आहे. तुझे बाबा तीन वर्षांत किती वेळा गेले, विचार. अडलंय ते तिकिटाशी नाही. यावर औषधं आहेत, डॉक्टरांशी बोलायला भावाला सांग. बापलेकांत ते जरा बरं होईल. आणि मार्गशीर्ष म्हणजे डिसेंबरच. सीझन तिकीट नको. एकाच दिवसाची खुर्चीची तिकिटं काढ, ओळीच्या कडेची जागा धर, जाण्यायेण्याची गाडी, थर्मास, आणि शेजारी तुमच्यापैकी एकानं बसायचं. मोबाइल न बघता. शेवटच्या गायकापर्यंत थांबायचा हट्ट धरू नकोस.

बाथरूममधला धरायचा दांडा, न घसरणारी पायपुसणी, रात्री आपोआप लागणारा दिवा, हे सगळं कराच. पण वाढदिवसाला किंवा लग्नाच्या वाढदिवसाला नको. कागदात गुंडाळून दांडा देणं म्हणजे ‘तुम्ही पडणार’ असा आशीर्वाद देण्यासारखं आहे. असाच एखादा मंगळवार बघून मिस्त्री बोलवा, नळ गळतोय म्हणा आणि जाता जाता बसवून घ्या. टॉवेलचा रॉड म्हणजे दांडा नव्हे, तो माणसाचं वजन पेलत नाही. दांडा फरशीच्या मागच्या भिंतीत बोल्टनं पक्का बसला पाहिजे आणि बसवल्यावर मिस्त्रीलाच त्याला लोंबकळायला सांगायचं. आमच्या मिस्त्रीनं नाही म्हटलं, तेव्हाच मला कळलं की पुन्हा बसवायला लागणार.

यातून पैसे उरतील. उरू देत.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त जर्मनीत आहे. पुण्यात वडील एकटे, वय ८१, निवृत्त सरकारी कर्मचारी. दर दिवाळीला ऑनलाइन सुकामेवा आणि मिठाईचा मोठा डबा पाठवतो. फोनवर ‘मिळालं’ एवढंच म्हणतात. दुरून आणखी काय करता येईल?
— एक मुलगा

उत्तर : ८१ व्या वर्षी एकट्या माणसाला दोन किलो काजू-बदाम म्हणजे दातांची परीक्षाच. तो डबा बहुतेक वॉचमनच्या घरी जात असेल, जाऊ द्या, त्याची दिवाळी गोड होते.

दर वर्षी नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांच्या पोटात गोळा येतो : हयातीचा दाखला. बँकेत रांग, अंगठ्याचे ठसे उमटत नाहीत (म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात), मग ‘उद्या या’. माझे यजमान असेच दोनदा परत आले. हा दाखला आता पोस्टमन घरी येऊनही करून देतो, नाममात्र शुल्क आहे. मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. तुम्ही तिथून माहिती काढून पोस्टात कळवा आणि वडिलांना फक्त तारीख आणि वेळ सांगा. तसंच महापालिकेचा मिळकतकर, महावितरणचं बिल, गॅसचा नंबर. पण एक पथ्य पाळा : सगळं परस्पर उरकू नका. बिल भरल्यावर पावती छापून त्यांच्या फाइलीत लागेल अशी सोय करा. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला पावतीशिवाय झोप लागत नाही.

आणि फोन. ‘वेळ मिळाला की करतो’ हे बंद. रविवारी, तुमची दुपार आणि त्यांची संध्याकाळ, एकच वेळ ठरवा. ते पंधरा मिनिटं आधीपासून फोनजवळ बसलेले असतील, म्हणून उशीर करू नका. ‘जेवलात का, गोळ्या घेतल्यात का’ याच्या पुढे जा. त्यांच्या ऑफिसातल्या एखाद्या भांडणाबद्दल विचारा, तासाची निश्चिंती.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. त्यांना काहीही दिलं की आठ दिवसांत ते दुसऱ्याच्या घरी दिसतं. मी दिलेली महेश्वरी साडी कामवाल्या मावशींच्या अंगावर पाहिली, शाल नणंदेकडे गेली, चांदीचं निरांजन पुतणीच्या लग्नात आहेर म्हणून गेलं. मला फार लागतं. माझ्या वस्तूंना काही किंमतच नाही का?
— एक सून, कोथरूड

उत्तर : तुमचं दुखणं मला कळतं. महेश्वरी बघून मलाही लागलं असतं. पण जरा बघा, त्यांनी यातलं एकही फेकलं नाही किंवा माळ्यावर टाकलं नाही. प्रत्येक वस्तू कुणाला तरी शोभेल अशीच गेली आहे. ही देणारी बाई आहे, घेणारी नव्हे. आणि अशा बाईच्या हातात आज स्वतःचं काय आहे? पूर्वी घरखर्चातून चार पैसे बाजूला पडायचे, डब्यात नोटा असायच्या. आता दूधवाल्याचे, भाजीवाल्याचे पैसे तुमच्या मोबाइलमधून परस्पर जातात. पुतणी नमस्काराला वाकली तर तिच्या हातावर ठेवायला सासूबाईंकडे तुमच्या निरांजनाखेरीज काही नसेल, तर त्या निरांजनच देणार.

त्यांना द्यायचंच द्या. बँकेतून दहाच्या आणि वीसच्या नव्या कोऱ्या नोटांचं एकेक पुडकं आणा. जमलं तर काही पन्नासच्या. लक्ष्मी रोडला रुपया चिकटवलेली आहेराची पाकिटं मिळतात, ती पन्नासेक घ्या. तुळशीबागेतून सात-आठ चांगली ब्लाऊजपिसं, दोन-चार छोट्या पितळी निरांजनांच्या जोड्या, लहान मुलांसाठी रंगपेट्या. सगळं कुलूप असलेल्या एका डब्यात भरा आणि किल्ली त्यांच्या हातात द्या. कुणाला काय दिलं ते विचारू नका, संपलं की न सांगता भरा.

साडी मात्र त्यांच्यासाठी पुन्हा आणू नका. तशीच महेश्वरी एक स्वतःला घ्या.