कॅबिनेट घेण्याआधी मदरबोर्ड मोज

जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड नव्या कॅबिनेटमध्ये (बाहेरच्या डब्यात) बसवायचा असेल, तर ते मागवायच्या आधी जुनं उघड आणि पट्टीने मदरबोर्ड मोज. बोर्डांची ठरलेली मापं असतात: ३०५ बाय २४४ मिलिमीटर म्हणजे एटीएक्स, २४४ बाय २४४ म्हणजे मायक्रो-एटीएक्स (काहींची रुंदी थोडी कमी असते). यातलं काही असेल तर बाजारातलं साधं कॅबिनेट चालेल. ब्रँडेड ऑफिस पीसीचा बोर्ड मात्र बरेचदा कंपनीच्या स्वतःच्याच मापाचा असतो, पॉवर कनेक्टरही नेहमीचा २४ पिनांचा नसतो. तसं निघालं तर कॅबिनेटचा नाद सोड, ते पैसे एसएसडीला (वेगवान स्टोरेज ड्राइव्हला) लाव.

माप जुळलं तर खोलण्याआधी सगळ्या वायरींचे फोटो काढ. प्रोसेसरवरचा कूलर काढू नकोस, बोर्डासकटच उचल. नाहीतर दोघांच्या मधे नवी थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) लावणं आलं.

खरी गोम स्टँडऑफमध्ये आहे, म्हणजे बोर्ड ज्यांच्यावर ठेवून स्क्रू मारतात त्या कॅबिनेटमधल्या छोट्या खुंट्यांमध्ये. ते पितळी स्टँडऑफ बोर्डाच्या भोकांशी जुळवूनच बसव, जास्तीचा एकही खाली राहू देऊ नकोस. बोर्डाच्या मागच्या सोल्डरला टेकला की शॉर्ट! आणि मागची आय/ओ पट्टी (यूएसबी वगैरे पोर्टांभोवतीची पत्र्याची पट्टी) बोर्डाच्या आधी लाव, विसरलास तर सगळे स्क्रू परत काढ.

पुढच्या बटणांच्या बारीक वायरींना घाबरू नकोस. पॉवर आणि रीसेटच्या जोडीतल्या दोन टोकांची अदलाबदल झाली तरी चालतं, प्लस-मायनस फक्त एलईडीला. बोर्डावर पुढच्या यूएसबी ३ पोर्टसाठी १९ पिनांचा हेडर (वायर खोचायची पिनांची जागा) नसेल तर ९ पिनांचा कन्व्हर्टर मिळतो; वेग यूएसबी २ चाच राहील.

झाकण लावण्याआधी एकदा चालू करून बघ. उघडलंच आहे तर बोर्डावरचा सीआर२०३२ हा बटणासारखा गोल सेलही बदलून टाक.